यंत्र-तंत्र : कॅसेटमधली एकवीस अक्षरं



आजच्या 'यंत्र-तंत्र'मध्ये एक जुनी फाईल उघडून बघायची आहे. सरकारी कचेरीतली नव्हे, व्हिडिओ गेमची. 'टॅप' या जातीची ही फाईल आजचा कुठलाही फोन किंवा लॅपटॉप आपण होऊन उघडत नाही. उघडायला गेलं तर "ही कशानं उघडू?" असं तोच आपल्याला विचारतो. आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाची फाईल समजून घेऊन आमच्या पदरात काय पडणार? प्रश्न रास्त आहे. पण तिच्या पोटात काय असतं हे कळलं की मराठी अक्षर कॉम्प्युटरमध्ये कसं टिकतं आणि कसं हरवतं, तेही कळतं. आपल्यासारख्या घर सोडून आलेल्यांना ते कळणं गरजेचं आहे, कारण आपलं बरंचसं मराठी आता कॉम्प्युटरातच राहायला गेलं आहे.

आधी थोडा इतिहास. १९८२ साली इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, घरच्या टीव्हीला जोडायचा. डिस्कही नव्हती, त्या जागी घरचाच टेपरेकॉर्डर जोडायचा. मोठ्या मॉडेलची मेमरी ४८ किलोबाइट. व्हॉट्सॅपवर रोज सकाळी येणाऱ्या एका गुलाबाच्या फुलालासुद्धा याहून जास्त जागा लागते! भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं परवाना घेऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं विकला. १९८० च्या दशकात ज्यांच्या घरी तो होता, ती घरं गल्लीत प्रसिद्ध असायची.

माझ्या मामाचं घर असं प्रसिद्ध होतं. मामा पुण्याला, पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भाचरं तिथं पडीक. खेळ लावणं हा एक विधीच असे. मामा लोडची आज्ञा टाइप करायचा, टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचा, आणि मग टीव्हीच्या कडेनं लाल-निळसर पट्टे धावायला लागायचे. आधी एक लांबलचक शीळ, मग रातकिड्यांची फौज ओरडावी तशी किरकिर. चार-पाच मिनिटं कुणी जागचं हलायचं नाही. मामी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, ते किरकिरं बंद करा, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत!"

मामा आता नाही. गेल्या वर्षी कोथरूडचं घर रिकामं केलं, तेव्हा माळ्यावरच्या खोक्यात एक कॅसेट निघाली. त्यावर मामाच्या अक्षरात लिहिलेलं होतं : 'छकुलीसाठी'. ही छकुली म्हणजे माझी मामेबहीण. ती इथंच डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहते. आम्ही झेन क्लस्टरमध्ये, ती मेडिटरेनियनमध्ये. एक दिवस ती कॅसेट घेऊन घरी आली.

"दादा, बाबांनी माझ्यासाठी काहीतरी केलं होतं एवढं आई सांगते. मी सहा वर्षांची होते, मला काही म्हणजे काही आठवत नाही. यातून काही निघेल का?"

स्पेक्ट्रम केव्हाच भंगारात गेला होता. हातात फक्त कॅसेट.

आधी टेपरेकॉर्डर मिळवायला हवा. इब्न बतूता मॉलमध्ये विचारलं तर दुकानातला मुलगा माझ्याकडे पुराणवस्तूसारखा बघायला लागला. शेवटी करामातल्या एका दुरुस्तीवाल्यानं कुणाचा तरी जुना डेक काढून दिला, रबरी पट्टा बदलून. कॅसेटच्या 'बी' बाजूवर मामीनं आकाशवाणीवरची भावगीतं टेप केलेली निघाली. 'ए' बाजूवर ती ओळखीची शीळ! छकुलीच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. म्हणाली, "हा आवाज आठवतो."

तर हा आवाज म्हणजे काय, ते बघू. टेपवर आकडे ठेवता येत नाहीत, फक्त आवाज ठेवता येतो. म्हणून स्पेक्ट्रम आकड्यांचा आवाज करतो. कॉम्प्युटरला दोनच अंक ठाऊक, ० आणि १. शून्यासाठी एक आखूड लाट, एकासाठी बरोबर दुप्पट लांबीची लाट. बस, एवढीच भाषा. सुरुवातीची शीळ सुमारे पाच सेकंदांची असते. गवई गाण्याआधी तंबोऱ्यात सूर लावून घेतात, तसा कॉम्प्युटर त्या शिळेवर आपला कान लावून घेतो. त्यानंतरची किरकिर म्हणजे प्रत्यक्ष मजकूर, सेकंदाला सरासरी दीड हजार ० किंवा १ या वेगानं. असे आठ अंक मिळून एक बाइट होतो, आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ यांतली कुठलीही एक संख्या मावते.

डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये घेतला आणि लाटा मोजल्या. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले, तर शून्याची अर्धी लाट साधारण ११ नमुन्यांची भरते आणि एकाची २२ नमुन्यांची. हे काम करणारे प्रोग्राम हौशी मंडळींनी लिहून फुकट ठेवलेले आहेत. त्यांतून जे बाहेर पडतं ती आपली टॅप फाईल.

या फाईलची रचना अगदी सोपी आहे. शीळ दर वेळी सारखीच असते, म्हणून ती साठवतच नाहीत. फक्त मजकुराचे गठ्ठे एकापुढे एक ठेवायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्याआधी तो किती बाइटचा आहे ते दोन बाइटमध्ये लिहायचं. (ज्या कंपन्यांनी चोरी टाळायला आपापल्या वेगळ्या लयीची किरकिर तयार केली, त्यांचे खेळ यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी पुढे टीझेडएक्स नावाची वेगळी फाईल निघाली. मामाची कॅसेट साधी, त्यामुळे आपलं काम टॅपवर भागतं.) मामाच्या कॅसेटमधला एक गठ्ठा असा होता :

१९ ० ० ३ ६५ ७५ ८३ ७२ ६५ ८२ ३२ ३२ ३२ ३२ १६८ ० ८८ २५५ ० १२८ १४२

लॉटरीच्या निकालासारखं दिसतं ना? पण ही एक चिठ्ठी आहे, पार्सलवर चिकटवलेली. डावीकडून वाचू या.

'१९ ०' म्हणजे पुढे १९ बाइट आहेत. पुढचा ० सांगतो की ही चिठ्ठी आहे, खरा माल पुढच्या गठ्ठ्यात. त्यानंतरचा ३ मालाचा प्रकार सांगतो. ० असता तर बेसिक भाषेतला प्रोग्राम. ३ म्हणजे मेमरीतला एक तुकडा जसाच्या तसा उचललेला. मग दहा बाइट नावासाठी. ६५ म्हणजे ए, ७५ म्हणजे के, असं करत गेलं की रोमन लिपीत 'अक्षर' हा शब्द मिळतो. नाव दहापेक्षा लहान, म्हणून उरलेल्या चार जागी ३२, म्हणजे मोकळी जागा.

पुढे '१६८ ०' ही मालाची लांबी. संख्या २५५ पेक्षा मोठी असू शकते म्हणून दोन बाइट, आणि त्यांतला लहान आधी, मोठा नंतर. इंग्रजी शिकलेल्यांना हे उलटं वाटतं. आपल्याला वाटायला नको. 'एकवीस' म्हणताना आपण आधी एक म्हणतो आणि मग वीस! मोठ्या बाइटला २५६ नं गुणायचं आणि लहान त्यात मिळवायचा. इथं मोठा शून्य आहे, म्हणून लांबी १६८. पुढचे '८८ २५५' म्हणजे २५५ गुणिले २५६ अधिक ८८, झाले ६५,३६८. हा मालाचा पत्ता, मेमरीत तो कुठे उतरवायचा ते सांगणारा. '० १२८' या जोडीला इथं काम नाही. शेवटचा १४२ म्हणजे ताळा. त्याची गंमत पुढे येते.

आता, १६८ आणि ६५,३६८ हे आकडे ज्यानं स्पेक्ट्रम वापरला आहे त्याला लगेच ओळखू येतात. लांबी ६,९१२ असती तर ते टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र असतं, कारण पूर्ण पडद्याचं चित्र रंगांसकट नेमकं तेवढंच भरतं. पण ६५,३६८ या पत्त्यावर स्पेक्ट्रमनं वापरणाऱ्यासाठी एक छोटी जागा राखून ठेवली होती. तिथं तुम्ही स्वतःची २१ चिन्हं काढू शकत होता. प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ चौकटींचं, त्याला आठ बाइट. एकवीस आठे एकशे अडुसष्ट. म्हणजे मामानं स्वतःची एकवीस चिन्हं काढली होती, आणि त्या गठ्ठ्याचं नाव 'अक्षर' ठेवलं होतं.

अंगावर काटा आला म्हणतात तसं झालं. १६८ आकडे घेतले आणि आठ-आठच्या ओळी पाडल्या. बारावी ओळ अशी होती :

२५५ २ २ १२६ ९८ २ २ ०

आठ घरांना उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशा किमती असतात. ज्या घरांची बेरीज करून तो आकडा येतो, ती घरं रंगवायची. २५५ म्हणजे आठही घरं. २ म्हणजे फक्त उजवीकडून दुसरं. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं हे काम आहे. करून बघा :

■■■■■■■■
□□□□□□■□
□□□□□□■□
□■■■■■■□
□■■□□□■□
□□□□□□■□
□□□□□□■□
□□□□□□□□

हा 'न'. छकुली बराच वेळ बघत राहिली. तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे, तो मला मामा म्हणतो. तो म्हणाला, "मामा, धिस इज जस्ट डॉट्स." मी म्हटलं, "अरे, तुझ्या आजोबांनी काढलेले डॉट्स आहेत."

मामीला पुण्याला फोन लावला. ती म्हणाली, "हो, हे रात्री जेवणं झाली की चौकटीची वही घेऊन बसायचे. पेन्सिलीनं घरं भरायची आणि खोडायची. मी म्हणायचे, पोरीला पाटीवर शिकवा की! तर म्हणायचे, पाटीवर पळून जाते, टीव्हीसमोर बसते." वही केव्हाच रद्दीत गेली. पण वहीतली अक्षरं कॅसेटमध्ये राहिली होती.

आता ताळ्याकडे येऊ. शाळेत गुणाकार केला की आपण ताळा पाहायचो, तसा स्पेक्ट्रम प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी एक ताळा लिहून ठेवतो. पद्धत अशी : सगळे बाइट एकाखाली एक मांडायचे आणि प्रत्येक उभ्या रकान्यात १ किती वेळा आला ते मोजायचं. सम वेळा आला तर ताळ्यात त्या जागी ०, विषम वेळा आला तर १. वाचताना कॉम्प्युटर पुन्हा हाच हिशेब करतो. जुळला नाही तर 'टेप लोडिंग एरर' म्हणून हात वर करतो. चिठ्ठीचा ताळा जुळला. पण अक्षरांच्या गठ्ठ्याचा जुळेना! टेपवरचा ताळा आणि माझा हिशेब यांत एका रकान्याचा फरक, ६४ किमतीच्या, म्हणजे डावीकडून दुसऱ्या. अर्थ उघड होता. तीन-साडेतीन दशकांत टेपवरची कुठली तरी एक लाट बिघडली होती. पण १६८ पैकी कुठल्या बाइटमधली? ते ताळा सांगत नाही. शाळेतलाही सांगत नसे, फक्त 'चुकलं' एवढंच कळे. आणि दुसरी प्रत असती तर ती 'बी' बाजूला, तिथं भावगीतं.

मी एकवीसही अक्षरं कागदावर छापली आणि छकुलीपुढे ठेवली. ती कॉम्प्युटरवाली नाही, अकाउंट्सवाली आहे. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "दादा, 'ग'ची रेघ तुटलीय."

खरंच की! आपल्या अक्षरांना शिरोरेषा असते, म्हणून प्रत्येक अक्षराची पहिली ओळ २५५ असायला हवी. एकवीसपैकी अठरा ठिकाणी तशी होती. 'अ'ची ३१ आणि 'भ'ची २०७, पण त्यांची शिरोरेषा मुळातच अर्धी किंवा तुटकी. 'ग'ची मात्र १९१. २५५ मधून १९१ गेले, राहिले ६४! १९१ च्या जागी २५५ लिहिले आणि ताळा तंतोतंत जुळला. यंत्राला चूक आहे एवढं कळत होतं. ती कुठे आहे, ते मराठी वाचणाऱ्या माणसाला कळलं.

मामानं कुठली एकवीस अक्षरं निवडली हेही पाहण्यासारखं आहे : अ, क, ख, ग, घ, च, ज, ट, ड, त, द, न, प, ब, भ, म, र, ल, व, स, ळ. आपल्या वर्णमालेच्या मानानं एकवीस फार थोडी. काना-मात्रेला जागाच नाही. म्हणजे पहिलीतल्या मुलांचे पहिले शब्द, घर, नळ, बदक, मगर, एवढेच लिहिता येणार. 'ळ' सोडला असता तर आणखी एखादं जास्त वापरातलं अक्षर बसलं असतं. पण मग 'कमळ' गेलं असतं! आणि 'ल' पाहिला तर तो आपल्या मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा. आठ चौकटींत हिंदी वळणाचा 'ल' बसवणं सोपं गेलं असतं. मामानं तो सोपा रस्ता घेतला नाही.

दुसऱ्या गठ्ठ्यात खेळाचा प्रोग्राम होता. तो नुसता उघडला तर अगम्य दिसतो, कारण स्पेक्ट्रम बेसिकमधला प्रत्येक शब्द एकाच आकड्यात लिहितो. २४५ म्हणजे 'प्रिंट', २२८ म्हणजे 'डेटा', २३४ म्हणजे 'रेम'. 'रेम'नंतर प्रोग्राम लिहिणारा माणसांसाठी टिपण लिहितो, कॉम्प्युटर ते सोडून पुढे जातो. म्हणून २३४ शोधत गेलं की माणसाचा आवाज सापडतो. एका ठिकाणी मामानं रोमन लिपीत, पण मराठीत लिहिलं होतं : 'इथे नवे शब्द घालावेत'. आणि त्याच्या खाली शब्दांची यादी. त्यांतला एक असा : १४५ १५९ १६४.

स्पेक्ट्रम त्या एकवीस चिन्हांना १४४ ते १६४ हे क्रमांक देतो. १४४ म्हणजे पहिलं, 'अ'. १४५ म्हणजे 'क', १५९ म्हणजे 'म', १६४ म्हणजे 'ळ'. कमळ!

इथं क्षणभर थांबू या, कारण सगळ्या लेखाचं मर्म इथं आहे. १४५ या आकड्यात 'क' कुठेच नाही. तो 'क' आहे तो फक्त शेजारच्या गठ्ठ्यात मामानं काढलेली चित्रं आहेत म्हणून. चित्रांचा गठ्ठा हरवला असता, तर यादीतले सगळे शब्द असूनही नसल्यासारखेच. आकडा हा करार असतो. करार ज्याला ठाऊक, त्यालाच तो वाचता येतो.

त्याच काळात आपल्या या आखातातही असाच उद्योग चालला होता. कुवेतच्या अल-आलमिया कंपनीनं 'सख्र' नावाचे घरगुती कॉम्प्युटर आणले. ते एमएसएक्स जातीचे होते, आणि अरबी त्यांच्यात आतूनच बसवलेली होती. इथं वाढलेल्या तुमच्या अरब सहकाऱ्यांना विचारा, नाव काढताच त्यांचे डोळे चमकतील. गंमत म्हणजे स्पेक्ट्रम आणि सख्र, दोघांचा प्रोसेसर एकच, झेड-८०. दोघांचे खेळ साध्या कॅसेटवर चालत. तरी एकाची कॅसेट दुसऱ्याला वाचता यायची नाही. एमएसएक्समध्ये शून्य आणि एक यांच्या लाटांचा करार वेगळा.

आता मराठीकडे या. मामानं घरगुती करार केला, 'क' म्हणजे १४५. १९९१ साली भारतीय मानक म्हणून 'इस्की' ठरली, तिच्यात 'क' म्हणजे १७९. पुण्याच्या सीडॅकनं 'जिस्ट'मध्ये हीच पद्धत वापरली. त्याच १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात 'क' म्हणजे २३२५. आज तुमच्या-माझ्या फोनमध्ये आहे तो हाच. युनिकोड मामाच्या कराराहून हुशार आहे असं नाही. पण तो सगळ्या जगानं मान्य केलेला आणि उघडपणे लिहून ठेवलेला आहे, आणि तेच त्याचं बळ.

पण या दोन टोकांच्या मधली जी वर्षं गेली, त्यांनी घोळ करून ठेवला आहे. १९९० च्या दशकात आणि नंतरही काही वर्षं, छपाईसाठी मराठी टाइप करायचे बहुतेक फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. आणि प्रत्येक फॉन्टची बसवणूक वेगळी. त्या काळातली मंडळांची स्मरणिका, नाटकाची संहिता, आजोबांचं आत्मचरित्र, कुणी घरी कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या आरत्या, यांच्या फाईली आज उघडल्या तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. लोक म्हणतात, फाईल खराब झाली. फाईल धडधाकट असते. फॉन्ट गेलेला असतो, म्हणजे करार हरवलेला असतो. मामाच्या यादीतून चित्रांचा गठ्ठा वजा केला तर जे उरेल, तेच.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक : जुन्या मराठी फाईली असतील तर त्यांच्याबरोबर त्यांचा फॉन्टही जपा. फॉन्ट हाती असेल तर आजच फाईल उघडून तिची पीडीएफ करा, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. नावाजलेल्या जुन्या फॉन्टांसाठी हे बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. बदलल्यावर मात्र मराठी वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. जोडाक्षरं आणि रफार इथंच घात होतो. छकुलीचा 'ग' लक्षात ठेवा!

दोन : फॉन्ट नाही, पण त्याच मजकुराची छापील प्रत आहे? मग दोन्ही एकत्र ठेवा. छापील पान शेजारी असेल तर कुठलं चिन्ह कुठल्या अक्षरासाठी आहे हे जाणकाराला ताडून काढता येतं.

तीन : खेळांच्या किंवा प्रोग्रामच्या कॅसेट सापडल्या तर त्यांची आवाजाची प्रत एमपी-थ्रीमध्ये करू नका. एमपी-थ्री माणसाच्या कानासाठी आहे, कानाला न जाणवणारं ते टाकून देतं. कॉम्प्युटरला तेच हवं असतं. साध्या वेव्ह फाईलमध्ये घ्या, आवाज स्वच्छ करणारी सगळी बटणं बंद ठेवून. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. आवाज दबका येत असेल तर जाणकाराकडून तो किंचित फिरवून घ्यावा, बऱ्याच 'मेलेल्या' कॅसेट तेवढ्यानं बोलतात. आणि पहिल्या वाजवण्यातच रेकॉर्डिंग चालू ठेवा. जुनी टेप दुसऱ्यांदा वाजेलच असा भरवसा नाही.

चार, आणि सगळ्यांत महत्त्वाची : काय ठेवलं आहे ते साध्या कागदावर लिहून त्याच खोक्यात ठेवा. आम्ही छकुलीच्या कॅसेटच्या डबीत एक कार्ड ठेवलं आहे, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर लिहिलंय : झेडएक्स स्पेक्ट्रम, ४८ किलोबाइट, 'अक्षर' गठ्ठा १६८ बाइट, २१ मराठी अक्षरं, क्रम असा असा. 'ग'मधली दुरुस्तीसुद्धा लिहिली आहे, कुठला बाइट आणि आधी काय होता ते. पुढच्याला कळायला हवं की ती रेघ आम्ही जोडली.

राहिला खेळ. स्पेक्ट्रमची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, ज्याला इम्युलेटर म्हणतात, तो लॅपटॉपवर घालून मामाचा खेळ लावला. पडद्यावर वरून एकेक अक्षर खाली येतं आणि ते जमिनीला टेकायच्या आत खाली दिलेल्या शब्दात बसवायचं असतं. बस, एवढंच. आजच्या मुलाला यात काय मजा वाटणार असं मला वाटलं होतं. भाचा पहिल्या दिवशी दहा मिनिटं खेळला आणि उठून गेला. दुसऱ्या रविवारी मात्र आपण होऊन आला. 'इथे नवे शब्द घालावेत' याचा अर्थ त्याला आईनं सांगितला होता.

"मामा, मी वर्ड ॲड करू शकतो?"

एकवीस अक्षरांचा तक्ता समोर ठेवला. काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. त्यानं पंधरा मिनिटं बोट फिरवलं आणि मग एकेक अक्षर दाखवलं : ब, ट, र. बटर! छकुली म्हणाली, "वरण घाल की, बटर काय?" पण यादीत 'ण' नाही. मग तिनं 'भगर' घातली. उपास तर उपास. नंतर 'दगड', 'मदत', 'गडबड' अशी यादी वाढत गेली. मुलगा मराठी वाचायला शिकला असं मी म्हणणार नाही. एकवीस अक्षरं मात्र तो ओळखतो, आणि बाविसाव्याबद्दल विचारतो. नव्या यादीची टॅप फाईल वेगळ्या नावानं ठेवली आहे. मामाची मूळ फाईल तशीच, एकही बाइट न हलवता.

पुढच्या अंकात फोनवरच्या मराठी कळफलकांविषयी लिहिणार आहे. कुठला कळफलक वापरता आणि का, ते संपादकांकडे जरूर कळवा. आणि या सुट्टीत घरी जाणार असाल, तर माळ्यावरचं खोकं कुणी रद्दीत घालायच्या आत एकदा खाली काढा.